नागरी संरक्षण सेवक आणि युद्धकाळातील कायदा

७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत हवाई हल्ल्याच्या प्रसंगाची रंगीत तालीम घेण्यात आली. महाराष्ट्रात मुंबई, उरण, तारापूर आदी ठिकाणी धोक्याचे भोंगे वाजले, इमारती रिकाम्या करण्यात आल्या, जखमींना स्ट्रेचरवरून हलविण्याची प्रात्यक्षिके झाली. त्याच दिवशी पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ची कारवाई झालेली असल्यामुळे ही तालीम म्हणजे केवळ एक शासकीय उपचार नव्हे, याची जाणीव सर्वांनाच होती. १० मे रोजी लष्करी कारवाया थांबेपर्यंतच्या चार दिवसांत सीमेलगतच्या जिल्ह्यांतील अनेक नागरिक तोफांच्या माऱ्यात बळी पडले. राजौरीचे अतिरिक्त जिल्हा विकास आयुक्त हे त्यांपैकीच एक. आपल्या निवासस्थानावर पडलेल्या गोळ्याने त्यांचा मृत्यू झाला.

अशा वेळी नागरिकांनी काय करावे यासंबंधीची सूचनापत्रके पुष्कळ निघतात. दिवे केव्हा मालवावेत, खिडक्यांच्या काचांना कागद कसा चिकटवावा, घरात पाण्याचा साठा किती असावा, हे त्यांत असते. परंतु भोंगा वाजल्यावर सर्वजण आडोशाला धावत असताना जो मनुष्य उलट दिशेने, म्हणजे कोसळलेल्या इमारतीकडे धावतो, त्याला कायद्याने कोणते संरक्षण दिले आहे याचा उल्लेख त्या पत्रकांत सहसा आढळत नाही. वॉर्डन, अग्निशामक, प्रथमोपचार करणारी शिक्षिका, मृतदेह हलविणारा सफाई कामगार, फुटलेली जलवाहिनी जोडणारा नगरपालिकेचा फिटर, ही माणसे शत्रूच्या लेखी कोण? सैनिक की नागरिक? त्यांच्यावर हेतुपुरस्सर हल्ला करता येतो काय? त्यांना मिळालेले संरक्षण कोणत्या कृतीमुळे संपुष्टात येते? तालुक्याच्या ठिकाणी पथके उभी करणाऱ्या अधिकाऱ्यांना, त्यांत नाव नोंदविणाऱ्या शिक्षकांना आणि गावातून माणसे पुरविणाऱ्या पंचायत सदस्यांना या प्रश्नांची उत्तरे ठाऊक असणे आवश्यक आहे.

प्रत्यक्ष लढाई वगळून

स्वतंत्र भारतात नागरी संरक्षणाचा गांभीर्याने विचार सुरू झाला तो १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर. १९६५ च्या युद्धाने त्याची निकड अधिक पटली आणि १९६८ साली संसदेने नागरी संरक्षण अधिनियम संमत केला. नागपूर येथे १९५७ पासून चालत आलेल्या केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्थेला याच वर्षी राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय असे नाव मिळाले. पुढे अनेक वर्षे देशभरातील अधिकारी व स्वयंसेवक तेथे शिकून गेले.

या अधिनियमातील नागरी संरक्षणाची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. आकाशातून, जमिनीवरून, समुद्रातून वा अन्य ठिकाणाहून होणाऱ्या शत्रूच्या हल्ल्यापासून माणसे, मालमत्ता व स्थळे यांचे रक्षण करण्यासाठी, किंवा त्या हल्ल्याचा परिणाम कमी करण्यासाठी, हल्ल्यापूर्वी, हल्ल्याच्या वेळी व हल्ल्यानंतर योजलेले उपाय, असा तिचा आशय आहे. मात्र हे उपाय प्रत्यक्ष लढाईच्या स्वरूपाचे नसावेत, अशी अट तिच्यातच घातलेली आहे. २००९ च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापनाचाही समावेश या व्याख्येत झाला, त्यामुळे आज आपल्याकडील पथके महापुरात आणि दरडी कोसळल्यावर अधिक दिसतात. पण मूळची अट कायम आहे. पुढे जो आंतरराष्ट्रीय कायदा आपण पाहणार आहोत, त्याचा सारा डोलारा याच अटीवर उभा आहे.

अधिनियमानुसार राज्य शासन एखाद्या क्षेत्रासाठी नागरी संरक्षण दल स्थापन करते, त्यावर नियंत्रक नेमते, आणि सेवा करण्यास योग्य व राजी असलेल्या व्यक्तींना दलाचे सदस्य करून घेते. सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल अधिनियमाखाली संरक्षण आहे, आणि विनाकारण कर्तव्य टाळल्यास दंडही आहे. हे सर्व आपल्या शासनाचे व आपल्या नागरिकांचे परस्परसंबंध झाले. शत्रूचा वैमानिक मुंबईच्या किंवा दिल्लीच्या राजपत्राने बांधलेला नसतो. त्याला बांधणारा कायदा अन्यत्र शोधावा लागतो.

जिनिव्हा करारांत काय आहे

तो कायदा १२ ऑगस्ट १९४९ च्या चार जिनिव्हा करारांत आहे. लंडन, हॅम्बुर्ग, टोकियो या नगरांवर झालेल्या बॉम्बवर्षावाच्या आठवणी त्या वेळी ताज्या होत्या आणि ढिगाऱ्यांतून माणसे उपसणाऱ्या पथकांनी किती किंमत मोजली होती, हेही जगाने पाहिले होते. तरीही जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांना जसे रेडक्रॉसच्या चिन्हाखाली विशेष स्थान मिळाले, तसे अग्निशामकांना किंवा वॉर्डनना १९४९ साली मिळाले नाही. नागरिकांच्या संरक्षणासंबंधीच्या चौथ्या करारात मात्र दोन कलमे अशी आहेत की, त्यांच्याकडे लक्ष जावयास हवे. कलम १६ सांगते की, लष्करी परिस्थिती अनुकूल असेल तितपत प्रत्येक युद्धमान पक्षाने मृत व जखमी यांचा शोध घेण्याच्या आणि गंभीर संकटात सापडलेल्यांना साहाय्य करण्याच्या प्रयत्नांना सुलभता करून द्यावी. कलम ६३ हे शत्रूने व्यापलेल्या प्रदेशापुरते आहे. जीवनावश्यक सार्वजनिक सेवा चालू ठेवणाऱ्या, मदत वाटणाऱ्या आणि बचावकार्य करणाऱ्या बिगरलष्करी संघटनांना तेथे आपले काम करू द्यावे, असे ते म्हणते. भारत व पाकिस्तान ही दोन्ही राष्ट्रे या चारही करारांनी बांधलेली आहेत. भारताने ते १९५० साली स्वीकारले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी १९६० साली जिनिव्हा करार अधिनियम केला.

उरलेली उणीव भरून काढण्यासाठी १९७४ ते १९७७ या काळात जिनिव्हा येथे राजनैतिक परिषद भरली. तिच्यातून ८ जून १९७७ रोजी दोन पूरक करार, ज्यांना प्रोटोकॉल म्हणतात, ते निष्पन्न झाले. आंतरराष्ट्रीय युद्धांना लागू असलेल्या पहिल्या प्रोटोकॉलमधील ६१ ते ६७ ही सात कलमे म्हणजे नागरी संरक्षणाचे स्वतंत्र प्रकरण आहे.

कलम ६१ मध्ये नागरी संरक्षणाची कामे मोजून दिली आहेत, ती पंधरा आहेत. धोक्याची सूचना देणे, लोकांना सुरक्षित स्थळी हलविणे, आश्रयस्थाने चालविणे, अंधारपटाची अंमलबजावणी, सुटका, प्रथमोपचारासह वैद्यकीय सेवा व धार्मिक साहाय्य, आग विझविणे, धोक्याच्या जागा शोधून त्यांवर खुणा करणे, विषारी द्रव्यांपासून शुद्धीकरण, तात्पुरता निवारा व पुरवठा, आपद्ग्रस्त भागात सुव्यवस्था राखण्यास तातडीचे साहाय्य, पाणी-विजेसारख्या अपरिहार्य सेवांची तातडीची दुरुस्ती, मृतांची तातडीने व्यवस्था, जगण्यास आवश्यक अशा वस्तूंच्या जतनास साहाय्य, आणि या सर्वांसाठी लागणारे नियोजन व संघटन. ही यादी वाचताना ध्यानात येते की, आपल्याकडे यांतील निम्म्याहून अधिक कामे नगरपालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांचे कर्मचारी एरवीही करीतच असतात. त्यांना युद्धप्रसंगी नागरी संरक्षण सेवक म्हणून ओळखले जाते ते सक्षम अधिकाऱ्याने त्यांना या कामांवर, आणि केवळ या कामांवर, नेमले असेल तेव्हा. ‘केवळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे.

कलम ६२ अन्वये अशा संघटना व त्यांचे सेवक यांचा आदर व संरक्षण करणे युद्धमान पक्षांवर बंधनकारक आहे. अनिवार्य लष्करी गरजेचा अपवाद सोडता त्यांना आपले काम करण्याचा हक्क आहे. साधा नागरिक आणि नागरी संरक्षण सेवक यांच्यात नेमका हाच फरक आहे. नागरिकावर हल्ला करू नये, एवढेच कायदा सांगतो. सेवकाच्या बाबतीत तो पुढे जाऊन त्याला काम करू द्यावे असेही सांगतो. आणखी एक तरतूद ग्रामीण भागाच्या दृष्टीने मोलाची आहे. एखादी व्यक्ती कोणत्याही दलाची सदस्य नसेल, परंतु सक्षम अधिकाऱ्याच्या आवाहनास प्रतिसाद देऊन त्याच्या नियंत्रणाखाली यांपैकी काम करीत असेल, तर तिलाही तेच संरक्षण मिळते. तहसीलदाराच्या हाकेला ओ देऊन ढिगारा उपसावयास आलेले गावातील चाळीस तरुण या तरतुदीखाली येतात.

शत्रूने एखादा प्रदेश व्यापला तरी हे काम थांबत नाही. व्यापक सत्तेने या संघटनांना आवश्यक त्या सुविधा द्याव्यात, त्यांच्या कामात अडथळा येईल असे दुसरे काम त्यांच्यावर लादू नये, आणि आपल्या माणसांना अग्रक्रम देण्याची सक्ती करू नये, असे कलम ६३ सांगते. जनतेला आवश्यक असलेली आश्रयस्थाने तर तिला ताब्यातही घेता येत नाहीत.

माधापरच्या स्त्रिया

संरक्षण कोठे संपते हे समजून घेण्यासाठी आपल्याच देशातील एक उदाहरण घेऊ. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी विमानांनी कच्छमधील भूज येथील हवाई तळावर बॉम्बफेक करून धावपट्टी निकामी केली. दुरुस्तीस पुरेसे मनुष्यबळ तळावर नव्हते. तेव्हा शेजारच्या माधापर गावातील सुमारे ३०० स्त्रिया पुढे आल्या आणि त्यांनी ७२ तासांत ती धावपट्टी पुन्हा वापरण्याजोगी केली. वरून दिसू नये म्हणून धावपट्टीवर शेण सारविण्यात आले. स्त्रियांना हिरव्या साड्या नेसण्यास सांगितले होते. भोंगा वाजला की त्या झुडपांत दडून बसत आणि धोका टळल्याची सूचना मिळताच पुन्हा कामाला लागत. या घटनेचा गौरव देशाने केला आहे आणि तो यथार्थच आहे.

परंतु कायद्याच्या दृष्टीने हे नागरी संरक्षणाचे काम होते काय? पहिला प्रोटोकॉल त्या वेळी अस्तित्वातच नव्हता, हे खरे. तथापि आजच्या व्याख्येची फूटपट्टी लावली तरी उत्तर नकारार्थीच येते. लढाऊ विमानांची धावपट्टी ही जनतेच्या जगण्यास अपरिहार्य अशी सार्वजनिक सेवा होऊ शकत नाही. ती लष्करी लक्ष्य आहे, आणि तिच्यावर पुन्हा हल्ला करण्याचा शत्रूला अधिकार होता. दुरुस्ती करणाऱ्या स्त्रिया त्यामुळे सैनिक ठरत नव्हत्या, पण लक्ष्यावर उभे राहण्याचा धोका त्यांनी पत्करला होता. त्यांच्या अंगावर नागरी संरक्षणाचे चिन्ह असते तर त्या चिन्हाने त्यांचे रक्षण झाले नसते. उलट ढिगारा उपसणाऱ्या अन्य पथकांच्या अंगावरील त्याच चिन्हाविषयी शत्रूच्या मनात संशय उत्पन्न झाला असता. माधापरच्या शेजारी एखाद्या वस्तीवर बॉम्ब पडला असता आणि याच स्त्रियांनी तेथे जखमींना बाहेर काढले असते, तर त्या क्षणी त्या पूर्ण संरक्षणाच्या धनी होत्या. माणसे तीच, गाव तेच. काम बदलले की कायदा बदलतो.

याचा अर्थ सैन्याला मदत करू नये असा कोणी घेऊ नये. नागरिकाने राष्ट्राच्या संरक्षणास हातभार लावू नये असे कोणताही करार म्हणत नाही. तो हातभार नागरी संरक्षणाच्या नावाखाली व चिन्हाखाली लावता येत नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

कलम ६५ मध्ये ही मर्यादा स्पष्ट केली आहे. सेवकांनी आपल्या विहित कामाबाहेर जाऊन शत्रूला अपायकारक अशी कृत्ये केली, तरच त्यांचे संरक्षण संपते. तेही एकदम नाही. आधी इशारा द्यावा लागतो, शक्य तेथे वाजवी मुदत द्यावी लागते, आणि इशारा धुडकावला गेला तरच पुढील कारवाई करता येते. लष्करी अधिकाऱ्यांच्या निदेशाखाली काम करणे, सैनिकांशी सहकार्य करणे, सुटका करताना एखाद्या जखमी सैनिकालाही वाचविणे, यांपैकी कोणतीही गोष्ट अपायकारक कृत्य समजली जात नाही. स्वसंरक्षणासाठी वा सुव्यवस्थेसाठी हलकी वैयक्तिक शस्त्रे बाळगल्यानेही संरक्षण जात नाही. मात्र जेथे जमिनीवरील लढाई चालू आहे वा होण्याचा संभव आहे, तेथे पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर यांपलीकडे जाऊ नये, म्हणजे दुरून पाहणाऱ्याला सेवक व सैनिक यांतील भेद कळेल.

आजच्या काळातील एक प्रसंग कल्पून पाहावा. गच्चीवर पहारा देणाऱ्या स्वयंसेवकास आकाशात ड्रोन दिसते. त्याने नियंत्रण कक्षास कळविले, कक्षाने भोंगा वाजविला, लोक आश्रयस्थानी गेले. हे धोक्याची सूचना देण्याचे, म्हणजे शुद्ध नागरी संरक्षणाचे काम झाले. ड्रोन पडल्यावर त्या जागेभोवती दोर बांधून लोकांना दूर ठेवणे हेही तेच. पण तोच स्वयंसेवक मोबाइलवरून ड्रोनची दिशा व उंची तोफखान्याच्या तुकडीला सतत कळवीत राहिला, तर तो लढाईच्या यंत्रणेचा एक भाग बनला. हातातील उपकरण एकच असल्यामुळे ही सीमारेषा आज पूर्वीपेक्षा फार लवकर ओलांडली जाते, आणि प्रशिक्षणात तिच्यावर जितका भर द्यावयास हवा तितका दिला जात नाही, असे आमचे मत आहे.

निळा त्रिकोण

नागरी संरक्षणाचे आंतरराष्ट्रीय चिन्ह म्हणजे नारिंगी पार्श्वभूमीवर समभुज निळा त्रिकोण. त्याचे एक टोक सरळ वर असावे व कोणतेही टोक नारिंगी भागाच्या कडेला टेकू नये, अशी शिफारस प्रोटोकॉलच्या परिशिष्टात आहे. ध्वज, दंडावरील पट्टी, छाती-पाठीवर दिसेल असा अंगरखा, वाहनांचे छत, आश्रयस्थानांचे दर्शनी भाग यांवर ते लावावयाचे असते, आणि परिस्थितीनुसार शक्य तितके मोठे असावे असे अपेक्षित आहे. सक्षम शासनाच्या संमतीने शांततेच्या काळातही ते वापरता येते. आपल्याकडील नागरी संरक्षणाच्या बोधचिन्हातही निळा त्रिकोण व नारिंगी रंग आढळतो तो याच परंपरेतून. दलातील डॉक्टर व परिचारिका यांनी मात्र वैद्यकीय सेवेसाठीचे रेडक्रॉसचे चिन्ह वापरावयाचे असते.

चिन्हामुळे संरक्षण निर्माण होत नाही, ते असलेल्या संरक्षणाची ओळख पटविते. चिन्ह फाटले, धुळीने माखले, अथवा घाईत घरी राहिले, म्हणून सेवकावर गोळी झाडण्याची मुभा मिळत नाही. तसेच चिन्ह लावून शस्त्रास्त्रांची वाहतूक केली तर चिन्ह कामास येत नाही. अशा गैरवापराला आळा घालणे ही त्या त्या राष्ट्राची जबाबदारी आहे. आपल्या १९६० च्या अधिनियमान्वये रेडक्रॉस चिन्हाचा अनधिकृत वापर दंडनीय आहे. निळा त्रिकोण १९७७ साली अस्तित्वात आल्यामुळे त्या अधिनियमात त्याचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते.

कायदा आणि रणभूमी

कागदावरील ही तत्त्वे प्रत्यक्षात कितपत पाळली जातात, असा प्रश्न वाचक विचारतील, आणि तो योग्य आहे. रशिया व युक्रेन ही दोन्ही राष्ट्रे पहिल्या प्रोटोकॉलची पक्षकार आहेत. ७ ऑगस्ट २०२३ रोजी पूर्व युक्रेनमधील पोक्रोव्स्क नगरात एका निवासी इमारतीवर क्षेपणास्त्र पडले. बचाव पथके तेथे पोहोचून काम करू लागली असता सुमारे चाळीस मिनिटांनी त्याच परिसरात दुसरे क्षेपणास्त्र येऊन आदळले. मृतांत त्या प्रांताच्या आपत्कालीन सेवेचा एक वरिष्ठ अधिकारी होता. पहिल्या आघातानंतर मदतीला माणसे जमतात हे ठाऊक असताना दुसरा आघात करण्याची ही रीत सीरियातील युद्धापासून जगाच्या परिचयाची झाली आहे. बचाव सेवकाच्या धैर्याचाच येथे सापळ्यासारखा उपयोग केला जातो. युद्धाच्या कायद्याचा याहून उघड भंग क्वचितच असेल.

२३ मार्च २०२५ रोजी गाझा पट्टीतील रफाह येथे इस्रायली सैन्याच्या गोळीबारात मदतीसाठी निघालेले १५ जण ठार झाले. त्यांत रेड क्रेसेंटचे ८, नागरी संरक्षण दलाचे ६ आणि संयुक्त राष्ट्रांचा एक कर्मचारी होता. आठवड्यानंतर त्यांचे मृतदेह वाळूत पुरलेले सापडले. वाहने दिवे न लावता संशयास्पद रीतीने येत होती, असे सैन्यातर्फे प्रथम सांगण्यात आले. पुढे मृतांपैकी एकाच्या मोबाइलमधील चित्रफीत प्रसिद्ध झाली. तीत रुग्णवाहिका व अग्निशामक वाहन यांचे दिवे चालू असल्याचे व त्यांवरील चिन्हे दिसत असल्याचे स्पष्ट झाले, तेव्हा सैन्याला आपले निवेदन बदलावे लागले. चौकशीत व्यावसायिक त्रुटी झाल्याचे मान्य करून एका उपसेनाधिकाऱ्यास पदावरून दूर करण्यात आले. दिवे आणि चिन्ह त्या सेवकांचे प्राण वाचवू शकले नाहीत. पण ते होते म्हणूनच त्या रात्री काय घडले हे लपून राहिले नाही.

सीरियाचा उल्लेख वर आला आहे, त्याला आणखी एक पदर आहे. अंतर्गत सशस्त्र संघर्षासाठी जो दुसरा प्रोटोकॉल आहे, त्यात नागरी संरक्षणाविषयी एकही कलम नाही. तेथे बचाव सेवकास सामान्य नागरिक म्हणून मिळणाऱ्या संरक्षणावरच विसंबून राहावे लागते.

भारताची स्थिती

भारत पहिल्या प्रोटोकॉलचा पक्षकार नाही. पाकिस्तानने १९७७ साली त्यावर स्वाक्षरी केली, परंतु अनुसमर्थन दिलेले नाही. सबब आपल्या पश्चिम सीमेवर संघर्ष उद्भवल्यास वर सांगितलेली सात कलमे करार म्हणून कोणत्याही बाजूला बांधीत नाहीत. मग आपल्या स्वयंसेवकाच्या हाती काय उरते? उरते ते थोडे नाही. नागरिक व सैनिक यांत भेद केलाच पाहिजे आणि नागरिकांवर हल्ला करता कामा नये, हे तत्त्व रूढिजन्य आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग असल्याने करारावर सही असो वा नसो, सर्व राष्ट्रांवर बंधनकारक आहे. आपला नागरी संरक्षण सेवक, जोपर्यंत लढाईत प्रत्यक्ष भाग घेत नाही तोपर्यंत, नागरिकच आहे. चौथ्या कराराची १६ व ६३ ही कलमे दोन्ही देशांना लागू आहेत. जे हाती येत नाही ते असे: काम करू देण्याचा स्पष्ट हक्क, संरक्षण संपण्यापूर्वी इशाऱ्याची हमी, आणि निळ्या त्रिकोणाला करारान्वये मान्यता.

या परिस्थितीत एका गोष्टीची दक्षता आपल्याकडे अधिक घ्यावयास हवी. नागरी संरक्षण व गृहरक्षक दल, म्हणजे होमगार्ड, या दोन संघटना आपल्या मनात जोडीने येतात. दोहोंचा वर्धापन दिन ६ डिसेंबर हा एकच मानला जातो, अनेक ठिकाणी माणसेही तीच असतात. गृहरक्षक दल मुंबई प्रांतात १९४६ साली अंतर्गत सुरक्षेच्या गरजेतून जन्मास आले, पोलिसांना साहाय्य हे त्याचे मुख्य काम, आणि सीमावर्ती राज्यांतील त्याच्या तुकड्या सीमा सुरक्षा दलाच्या मदतीलाही जातात. सीमेवर बंदूक घेऊन पहारा देणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी निळा त्रिकोण लावून आश्रयस्थान चालवू लागला, तर कायदेपंडितांनाही त्याची बाजू मांडणे अवघड जाईल. युद्धप्रसंगी कोण कोणत्या कामावर राहील, याच्या याद्या शांततेतच वेगळ्या झाल्या पाहिजेत.

जिल्हा व गाव पातळीवर

इमारतींच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. पुष्कळ गावांत शाळा हीच एक पक्की वास्तू असते. आश्रयस्थान तेथे, प्रथमोपचार केंद्र तेथे, आणि सैन्याची तुकडी आली की तिचा मुक्कामही तेथेच, असा आपला सोयीचा प्रघात आहे. ज्या इमारतीत सैनिक राहतात वा दारूगोळा ठेवला जातो, ती लष्करी लक्ष्य होऊ शकते. शेजारच्या वर्गात मुले व वृद्ध बसले आहेत, हे वरून दिसत नाही. म्हणून सैन्याच्या वापरासाठी व लोकांच्या आश्रयासाठी वेगवेगळ्या व शक्य तितक्या दूरच्या वास्तू आधीच नेमून ठेवणे, हे तहसीलदार, मुख्याध्यापक व सरपंच यांनी एकत्र बसून करावयाचे काम आहे. वाहनांचेही तसेच. पंचायतीचा जो पाण्याचा टँकर नागरी संरक्षणासाठी राखून ठेवला, तो लष्करी सामान वाहण्यास देऊ नये. द्यावाच लागला तर त्यावरील चिन्ह आधी काढून घ्यावे.

खर्चाचा प्रश्न नेहमी पुढे येतो. ९ मे २०२५ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून नागरी संरक्षण नियम, १९६८ मधील नियम ११ खालील आणीबाणीचे अधिकार वापरण्यास कळविले, आणि अशा खर्चाला स्थानिक संस्थांच्या अन्य जबाबदाऱ्यांपेक्षा अग्रक्रम राहील याकडे लक्ष वेधले. पण दंडावरील पट्ट्या, अंगरखे आणि ओळखपत्रे यांसाठी आणीबाणीची वाट पाहण्याचे कारण नाही. आवाहनास प्रतिसाद देऊन आलेल्या गावकऱ्यांची नावे त्याच वेळी नोंदवहीत उतरवून घेण्यास तर एक वही व एक लेखनिक पुरतो. कोणाच्या आदेशावरून, कोणत्या कामासाठी व किती वाजता ते आले, एवढे त्यात असले की पुढे त्यांचे नागरिकत्व वा त्यांच्या कुटुंबीयांचा साहाय्याचा हक्क यांविषयी वाद उपस्थित झाल्यास तीच नोंद पुरावा ठरते.

ओळखपत्राचा नमुना प्रोटोकॉलच्या परिशिष्टात दिलेला आहे. आपण पक्षकार नसलो तरी तो डोळ्यासमोर ठेवण्यास हरकत नाही. नाव, जन्मतारीख अथवा वय, ओळख क्रमांक, धारक कोणत्या नात्याने संरक्षणास पात्र आहे त्याचा उल्लेख, छायाचित्र, शरीरावरील खुणा, देणाऱ्या अधिकाऱ्याची सही व शिक्का, अशी त्याची मांडणी आहे. धारकास शस्त्र बाळगण्याची परवानगी असेल तर तशी नोंद पत्रावरच करावयाची असते. धारकाच्या सहीसाठी जागा आहे, आणि ज्यांना सही करता येत नाही त्यांच्यासाठी अंगठ्याच्या ठशाचीही तरतूद त्या नमुन्यात केलेली आहे.